कमी झालेली पत आणि हाती येणारे कार्ड

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपण सर्वांनी वाण्याच्या दुकानात पाहिली आहे. पण त्याच पाटीखाली बसून वाणी काही गिऱ्हाइकांना महिन्याच्या बोलीवर माल देत असे. कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे त्याची वही त्याला सांगे. आता ही वही दुकानातून निघून मोठ्या कचेऱ्यांत गेली आहे. भारतात पतीची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत. त्यांपैकी सिबिल २००० साली स्थापन झाली, आणि तिचेच नाव लोकांच्या तोंडी बसले. माणसाच्या पतीला ३०० ते ९०० यांमधला एक आकडा मिळतो. ७५० च्या वर असला, म्हणजे बँका सहसा खूष असतात.

पण ज्याचा आकडा ६०० च्या आसपास रेंगाळतो, त्याने काय करावे? नोकरी सुटली, घरात आजारपण आले, दोन-चार हप्ते थकले. असे कुणाचेही होऊ शकते. पुढे दिवस पालटतात; पण क्रेडिट कार्ड मागायला जावे, तर बँक नकार देते. माणूस ओशाळतो. ओशाळण्याचे कारण नाही. गेलेली पत परत मिळवता येते; मात्र ती क्रमाक्रमाने मिळवावी लागते.

पहिली गोष्ट, आपली वही आपण वाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून या प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावयाचा आहे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. फेडलेले कर्ज थकलेले दिसते काय? दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर चढले आहे काय? तसे असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी, असा नियम २०२४ पासून लागू आहे. नोंद खरी असेल, तर मात्र ती पैसे घेऊन कुणालाही पुसता येत नाही. तसे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका.

दुसरी गोष्ट, दारोदार अर्ज करीत हिंडू नका. प्रत्येक अर्जाची नोंद होते. महिनाभरात पाच बँकांकडे हात पसरलेला दिसला, की सहावी बँक सावध होते.

तिसरी गोष्ट, मुदत ठेवीवरचे कार्ड मागा. समजा, आपण बँकेत २०,००० रुपयांची मुदत ठेव ठेवली. तिच्या तारणावर बँक १६,००० रुपये मर्यादेचे कार्ड देईल. ठेवीवर व्याज चालूच राहते. बिल बुडवले, तर बँक ठेवीतून वळते करून घेते. बँकेला धोका नाही, म्हणून ती कमी गुणांकडे फारसे पाहत नाही. आपल्यासारख्याला चांगले कार्ड ते हेच. विमानतळावरच्या आरामखोलीची आमिषे बाजूला ठेवा. वार्षिक फी किती आणि व्याज किती, एवढे आधी विचारा.

आता कार्ड हाती आले. त्या १६,००० पैकी तीन-चार हजारच वापरा. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे, असा जाणत्यांचा सल्ला असतो. किराणा घ्या, विजेचे बिल भरा, आणि तारखेच्या आत सगळी रक्कम चुकती करा.

‘सगळी’ या शब्दावर मी जोर देतो. बिलावर ‘किमान रक्कम’ नावाचा एक छोटा आकडा छापलेला असतो. तो पाहून जीव भांड्यात पडतो. पण फसगत तिथेच आहे. समजा, बाकी १०,००० रुपये आहे आणि व्याज महिना साडेतीन टक्के. व्याज झाले ३५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३, मिळून ४१३. आपण किमान रक्कम म्हणून ५०० भरले, तर मुद्दल फिटले अवघे ८७ रुपये! शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. पूर्ण रक्कम भरणे अगदीच अशक्य असेल, तर किमान भरा; कारण काहीच न भरणे त्याहून वाईट. पण त्या महिन्यापासून कार्ड खिशातून काढू नका.

२०२५ पासून बँका ही माहिती दर पंधरा दिवसांनी कळवू लागल्या, तेव्हा आपला नेमस्तपणा वहीत लवकर उमटतो. तरीही एक वर्षाचा धीर धरा. वाण्याचीही रीत हीच होती: आधी शेरभर गूळ उधार देई, त्याचे पैसे वेळेवर आले, की मग पोते देई. आपणही शेरभर गुळापासून सुरुवात करा.