दिवा लागतो, डाळ निवते

तक्रार बहुतेकदा एकाच वाक्यात येते : ‘बेनमेरी गरम होत नाहीये, लगेच या.’ कारखान्याच्या कॅन्टीनमधून, लग्नाच्या हॉलमधून, हायवेवरच्या थाळीवाल्याकडून, सगळीकडून हेच. हॉटेल-कॅन्टीनमधली अन्न गरम ठेवायची यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. वडे-सामोशांचे काचेचे हॉट केस, प्लेट वॉर्मर हे सगळं त्यात येतं, पण सगळ्यात जास्त फोन बेनमेरीचे. खाली पाण्याचा स्टीलचा टँक, त्यात बुडलेले हीटर, एक थर्मोस्टॅट आणि वर ओळीने बसवलेले जीएन पॅन. यंत्र एवढंच. पण ‘गरम होत नाही’ म्हणजे नेमकं काय गरम होत नाही, हे ठरवण्यातच निम्मं काम असतं.

म्हणून पिशवीतून मी पहिल्यांदा थर्मामीटर काढतो. डाळ तळापासून ढवळायची, सळई मधोमध बुडवायची, आकडा स्थिरावू द्यायचा. मग तीच सळई पुसून टँकच्या पाण्यात. पाणी 85 अंशांवर आणि डाळ 48 वर असेल तर बेनमेरीत काही बिघाड नाही. डाळच निवलेली भरली आहे. हे यंत्र गरम अन्न गरम ठेवतं, गार अन्न तापवत नाही. पॅनच्या तळाला लागलेली वाफ दहा किलो घट्ट भाजीत वरपर्यंत पोचायला इतका वेळ घेते, की तोवर पंगत उठलेली असते. सकाळी शिजवून पातेल्यात झाकून ठेवलेली भाजी बाराला पॅनमध्ये ओतायची असेल, तर आधी शेगडीवर चांगली उकळून घ्यायला हवी. अशा वेळी स्क्रूड्रायव्हर न काढता मी परत येतो, आणि व्हिजिटचे पैसे कशाचे, यावर थोडी बोलाचाली होते.

या अंशांना मी एवढं धरून बसतो, त्याला कारण आहे. एफएसएसएआयच्या केटरिंगच्या तपासणी यादीत वाढायचं गरम अन्न 65 अंशांवर आणि मांसाहारी पदार्थ 70 अंशांवर ठेवायला सांगितलं आहे. शिजवताना जंतू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळीलाही दाद देत नाहीत. भातात बॅसिलस सेरियस, मोठ्या पातेल्यातल्या डाळीत किंवा रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. अन्न 40-45 अंशांवर रेंगाळलं, की हे बीजाणू जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. भातात एकदा का उलटीचं विष तयार झालं, की भात पुन्हा गरम करून ते जात नाही. कोमट बेनमेरी ही बंद बेनमेरीपेक्षा वाईट असं मी म्हणतो ते यासाठीच. बंद पडली तर निदान कोणाच्या तरी लक्षात येतं.

चाकण एमआयडीसीतल्या एका कॅन्टीनचं काम असंच होतं. पहिल्या शिफ्टला जेवण गरम, दुसऱ्या शिफ्टला कोमट. काउंटरवरची पोरं म्हणत होती, “दादा, लाइट तर लागतोय की. हीटर चालूच आहे.” पाणी 61 अंशांवर होतं आणि तांबडा दिवा खरंच लागला होता. पण तो दिवा हीटरपर्यंत व्होल्टेज पोचलं एवढंच सांगतो. हीटरमधून करंट जातोय का, हे त्याला कळत नाही. ते क्लॅम्प मीटरला कळतं. या बेनमेरीत 1500 वॅटचे दोन हीटर. 230 व्होल्टला एकेक साधारण साडेसहा ॲम्पिअर घेतो, म्हणजे दोघांचे मिळून तेरा यायला हवेत. एका वायरभोवती क्लॅम्प लावला. साडेसहा.

म्हणजे एक हीटर गेलेला. सकाळी हे कसं लपत होतं, तेही मग उलगडलं. पहिल्या शिफ्टची माणसं टँक बॉयलरच्या गरम पाण्याने भरायची, तेव्हा उरलेल्या एका हीटरवर भागून जायचं. दुपारी पाणी आटलं की नळाचं गार पाणी ओतलं जायचं, आणि तिथून गाडी वर येईच ना. चाळीस लिटर पाणी 30 वरून 85 अंशांवर न्यायला तीन किलोवॅटला कागदावर पन्नास मिनिटं लागतात, प्रत्यक्षात तासभर. एकाच हीटरवर कागदावरच पावणेदोन तासांच्या आसपास. शिवाय वाफेवाटे आणि पत्र्यातून जाणारी उष्णता तेवढीच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन तासही पुरत नाहीत. तोवर दुसरी शिफ्ट जेवून गेलेली असते.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, खालचं पॅनल उघडलं. एका हीटरच्या टर्मिनलवरचा नट ढिला झाला होता. थिंबल काळं पडलेलं, आणि वायरचं वेष्टण हातात घेतल्यावर वाळक्या काडीसारखं मोडलं. आधी कोणीतरी साधी पीव्हीसी वायर टाकली होती. हीटरच्या तोंडाशी फायबरग्लासची किंवा सिलिकॉनची वायरच लागते. पीव्हीसी तिथली धग सोसत नाही. ढिला जोड तापतो, तापून आणखी ढिला होतो, असं ते चक्र चालू राहतं. वायरी सोडवून मल्टिमीटर लावला. एका हीटरला 35 ओहम, म्हणजे ठणठणीत. दुसऱ्याला काहीच वाचन नाही. आतली नायक्रोमची तार तुटलेली.

तार का तुटली, हे हीटर बाहेर काढल्यावर दिसलं. नळीवर क्षारांचा पांढरट पिवळा थर, नखाने न निघणारा. बोअरचं पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट सगळ्यात आधी सगळ्यात गरम जागी बसतं, म्हणजे हीटरवर. वर दिवसभर वाफ उडत राहते आणि क्षार मागे राहतात. प्रत्येक वेळी पाणी ओतलं की त्यात नवी भर. थरातून उष्णता पाण्यात जाऊ शकत नाही, तार आतल्या आत लाल होते आणि शेवटी तुटते, किंवा वरची नळीच फाटते. थर्मोस्टॅटच्या फुग्यावरही हाच थर चढतो, मग त्याला पाण्याचा अंदाज उशिरा येतो आणि तो तोडतोही उशिरा, जोडतोही उशिरा.

उपाय महाग नाही. दहा लिटर कोमट पाण्यात पाव किलो लिंबूसत्त्व, अर्धा-पाऊण तास, नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने धुणं. थर फसफसून सुटतो. बऱ्याच ठिकाणी मात्र फरशी धुवायचं ॲसिड ओतलेलं दिसतं, आणि ते पाहून मला फार वाईट वाटतं. त्यातलं क्लोराइड 304 ग्रेडच्या चांगल्या स्टीललाही टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडतं, आधी वेल्डिंगच्या कडेला. सांडलेल्या आमटीचं मीठ टँकमध्ये रात्रभर राहिलं तरी हळूहळू तेच होतं. म्हणून रोज रात्री ड्रेन व्हॉल्व उघडून टँक रिकामा करणं, पुसणं, एवढं सांगून मी थकत नाही.

आता ईएलसीबीबद्दल, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणाऱ्या स्विचबद्दल. कोकणात पावसाळाभर बंद ठेवलेली हॉटेलं दिवाळीच्या आधी उघडतात, तेव्हा ही तक्रार हमखास येते : स्विच टाकला की ईएलसीबी पडतो. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती दमट हवेतलं पाणी टर्मिनलच्या तोंडातून ओढून घेते आणि करंट नळीच्या अंगावर झिरपायला लागतो. 500 व्होल्टच्या मेगरने ते लगेच कळतं. नळी फाटलेली नसेल तर हीटर काढून ओव्हनमध्ये 120 अंशांवर काही तास सुकवला, की इन्शुलेशन पुष्कळदा पूर्ववत होतं. मग टर्मिनलची तोंडं नीट सील करायची. हे न करता ‘सारखा पडतोय’ म्हणून ईएलसीबीच बायपास केलेला मी पुष्कळदा पाहिला आहे. काही ठिकाणी प्लगची अर्थिंगची वायरसुद्धा कापलेली. स्टीलचं अंग, ओली फरशी, ओले हात, आणि काउंटरमागे वाढणारी गरीब घरची पोरं. 30 मिलिॲम्पिअरला तुटणारा तो डबा त्यांच्या जिवासाठी आहे. तो परत जोडून, टेस्टचं बटन दाबून तो पडतोय हे पाहिल्याशिवाय मी कुठलंच मशीन चालू करून देत नाही. मालक कितीही घाईत असला तरी.

एक बिघाड असा, की तो मशीनमध्ये सापडतच नाही. हीटर चांगले, वायरिंग चांगलं, थर्मोस्टॅट चांगला, तरी पाणी तापायला वेळ. तिथे आधी लाइनचं व्होल्टेज बघायचं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. 230 च्या जागी 190 मिळालं तर तीन किलोवॅटच्या मशीनमधून जेमतेम दोन किलोवॅट निघतात. ढाब्यांवर संध्याकाळी हे बऱ्याचदा असतं. तिथे हीटर बदलून काहीच साधत नाही.

चाकणला नवा हीटर बसवला, गॅस्केट बदललं, दोन्ही हीटरना नवी वायर, नवी थिंबलं. टँक भरून, झाकणं लावून चालू केलं. क्लॅम्पवर तेरा ॲम्पिअर. पाणी 85 ला पोचल्यावर उकळलेली डाळ ओतली. अर्ध्या तासाने ढवळून मोजली तर 71. कॅन्टीन मॅनेजरना जास्तीचा एक हीटर, एक थर्मोस्टॅट आणि दोन गॅस्केट आणून ठेवायला सांगितलं. मागवताना नुसते वॅट सांगून चालत नाही. व्होल्ट, नळीची लांबी आणि आट्यांचा व्यास हेही लागतं, नाहीतर येणारा माल बसत नाही. ते सगळे आकडे, हीटरचे ओहम आणि तारीख मी मार्करने पॅनलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली. पुढच्या वेळी दुसरा कोणी आला, तरी त्याला तिथून सुरुवात करता येईल.