इलिनॉयचा स्वयंसेवक रिसाला

घोडेस्वार हा शब्द कानीं पडतांच महाराष्ट्रांतील मुलांच्या मनांत एक ठराविक चित्र उभें राहतें. वाऱ्यासारखा धावणारा घोडा, उपसलेली तरवार आणि शत्रूच्या गर्दींत घुसणारा वीर! हें चित्र खोटें नाहीं; परंतु तें अपुरें आहे. स्वाराच्या आयुष्यांतील बहुतेक दिवस तरवार म्यानांतच असते; आणि पुष्कळदां ज्यांच्या हातून शत्रूस एकहि जखम होत नाहीं, त्यांच्याच कामावर मोहिमेचें यश अवलंबून असतें. ही गोष्ट नीट ध्यानांत यावी म्हणून अमेरिकेंतील यादवी युद्धांत लढलेल्या एका स्वयंसेवक रिसाल्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

इ. स. १८६० च्या सुमारास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारें चाळीस लक्ष कृष्णवर्णीय लोक गुलामगिरींत खितपत होते. दक्षिणेकडील संस्थानांतील कापसाचें पीक त्यांच्याच घामावर पिकत असे. अब्राहाम लिंकन अध्यक्ष निवडून आले, तेव्हां गुलामगिरीस धक्का बसेल या भीतीनें दक्षिणेंतील संस्थानें एकामागून एक फुटून निघालीं. आणि १२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्स्टन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर त्यांच्या तोफा सुरू झाल्या. या युद्धाची झळ आपल्या मुंबईसहि लागली. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, विलायतेंतील गिरण्यांस अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो भाव कोसळला व मुंबईंतील कित्येक पेढ्या बुडाल्या.

युद्ध सुरू झालें तेव्हां सबंध देशाचें खडें सैन्य सोळा हजारांच्या आसपास होतें. म्हणून लिंकन यांनीं प्रथम तीन महिन्यांकरितां ७५,००० लोक मागविले, आणि पुढें तीन वर्षांच्या कराराचे लक्षावधि स्वयंसेवक भरती झाले. प्रत्येक संस्थानानें आपापल्या पलटणी व रिसाले उभारून द्यावे, अशी रीत होती. लिंकन यांच्या स्वतःच्या इलिनॉय संस्थानानें उभारलेला सहावा रिसाला १८६१ च्या अखेरीस तयार झाला. त्यांत शेतकरी, दुकानदार, कारकून व नुकतेच शाळा सोडलेले तरुण होते.

अशा रिसाल्यांत सुमारें शंभर शंभर स्वारांच्या बारा कंपन्या असत. आपल्याकडे स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, व सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. त्या हिशेबानें हे बहुतेक बारगीरच म्हणावयाचे. तरवार, पिस्तूल व आंखूड बंदूक हीं त्यांचीं शस्त्रें. घोडा वाचला तरच स्वार वाचतो, हा तेथला पहिला धडा होता. प्रत्येक घोड्यास दररोज चौदा पौंड गवत व बारा पौंड दाणा ठरलेला असे. तो मिळविणें, घोड्यास खरारा करणें, खोगिराखालीं पाठ सोलली नाहीं ना हें पाहणें, यांतच दिवस जाई. पुष्कळदां स्वार घोड्यावरून उतरून पायदळाप्रमाणें लढत. तेव्हां दर चौघांतील एकजण मागें राहून चौघांचे घोडे धरून उभा राही. त्याच्या हातून एकहि गोळी सुटत नसे; पण तो पळाला तर पुढचे तिघेहि बुडत.

या रिसाल्याचे कर्नल बेंजामिन ग्रिअर्सन हे मूळचे संगीतशिक्षक. आठ वर्षांचे असतांना घोड्यानें तोंडावर लाथ मारल्यामुळें ते मरतां मरतां वांचले, आणि कांहीं काळ त्यांची दृष्टीच गेली होती. तेव्हांपासून त्यांच्या मनांत घोड्याची धास्ती बसली. जॅक्सनव्हिल गांवीं मुलांस वाद्यें शिकवावीं, बँड बसवावा, हा त्यांचा व्यवसाय. मध्यंतरीं त्यांनीं दुकान काढलें, तेंहि बुडालें. युद्धांत त्यांना पायदळांत जावयाचें होतें. पण नेमणूक झाली ती नेमकी घोडदळांत! ज्या जनावराचें भय, त्याच्याच पाठीवर बसून हजार स्वारांस कवायत शिकवावयाची. त्यांनीं तें काम पत्करलें, आणि १८६२ च्या वसंतांत ते रिसाल्याचे कर्नल झाले. भय गेल्यावर मनुष्य कामास लागतो असें नाहीं. कामास लागल्यावर भय हळूहळू मागें पडतें, हेंच त्यांच्या चरित्रांत दिसतें.

या रिसाल्याची सर्वांत मोठी कामगिरी १८६३ सालची. मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग हें ठाणें दक्षिणेच्या हातीं होतें, आणि तें पडल्याखेरीज ती महानदी उत्तरेस मोकळी होणार नव्हती. सेनापति ग्रँट यांनीं ठाण्याच्या खालच्या बाजूस नदी उतरून पलीकडे जाण्याचा बेत केला. पण सैन्य नदी उतरत असतांना फार नाजूक स्थितींत असतें. तेवढा वेळ शत्रूचें लक्ष दुसरीकडे गुंतविणें अवश्य होतें. तें काम ग्रिअर्सन यांच्याकडे आलें.

१७ एप्रिल १८६३ रोजीं पहाटे सहावा इलिनॉय, सातवा इलिनॉय व दुसरा आयोवा या तीन रिसाल्यांचे मिळून १,७०० स्वार सहा लहान तोफा घेऊन टेनेसी संस्थानांतील ला ग्रेंज गांवाहून दक्षिणेकडे निघाले. ग्रिअर्सन यांच्या खिशांत एक नकाशा, एक होकायंत्र आणि मोरचंगासारखें एक लहानसें वाद्य, एवढेंच सामान होतें.

चौथ्या दिवशीं त्यांनीं स्वारांची पाहणी केली व आजारी आणि थकलेले असे १७५ लोक निवडून परत पाठविले. बाकीच्यांनीं थट्टेनें त्यांचें नांव 'क्विनाइन पलटण' ठेविलें. परंतु हे लोक नुसते परत गेले नाहींत. रात्रीच्या वेळीं चौघाचौघांची रांग करून त्यांनीं वाटेंतील पाँटोटॉक गांवांतून जावें, म्हणजे सगळी फौजच माघारी वळली असें लोकांस वाटेल, असा त्यांस हुकूम होता. दुसऱ्या दिवशीं आयोवाचा सबंध रिसाला कर्नल हॅच यांच्या हाताखालीं पूर्वेकडे पाठविण्यांत आला. एकच तोफ रस्त्यावर चार ठिकाणीं वळवून त्यांनीं चार तोफांचे माग उमटविले. शत्रु त्या मागावर धावला. हॅच यांचे स्वार लढत लढत त्यास उत्तरेकडे ओढीत राहिले, आणि ग्रिअर्सन मात्र सुमारें ९५० स्वारांनिशीं मोकळेपणें दक्षिणेस गेले. आपल्याकडे ज्यास गनिमी कावा म्हणतात, तोच हा प्रकार.

सातव्या रिसाल्यांतील कॅप्टन फोर्ब्स यांची ३५ जणांची तुकडी तर याहून अवघड कामास गेली. तारा तोडण्याकरितां ती मुख्य फौजेपासून दूर गेली व एंटरप्राइझ गांवाजवळ तिची गांठ पुष्कळ मोठ्या सैन्याशीं पडली. फोर्ब्स यांनीं पांढरा रुमाल उंच केला, पुढें होऊन, "ग्रिअर्सन यांस शरण या," अशी उलट मागणी केली, आणि शत्रूनें विचारास तासभर मागितला तेवढ्यांत ते निसटले! परंतु मुख्य फौज मागचे पूल जाळीत पुढें चालली होती. पांच दिवसांच्या दौडीनंतर तुकडीनें तिघांस पुढें धाडलें. ते पोहोंचले तेव्हां स्ट्राँग नदीच्या पुलास आग लावण्याची तयारी चालू होती. कॅप्टनांचा धाकटा भाऊ स्टीफन हा अवघ्या अठरा वर्षांचा मुलगा याच कंपनींत होता. पुढें तो कीटकशास्त्राचा व तळ्यांतील जीवसृष्टीचा थोर अभ्यासक झाला.

२४ एप्रिल रोजीं न्यूटन स्टेशन हातीं आलें. व्हिक्सबर्गला पूर्वेकडून दारूगोळा नेणारा लोहमार्ग येथून जात असे. दक्षिणी वेष केलेल्या हेरांनीं आधीं गांव हेरून ठेविला. मग दोन आगगाड्या पकडून दोन इंजिनें व ३८ डबे नष्ट केले, रूळ उखडले, तारा तोडल्या. पुढें हेझलहर्स्ट येथें हेरांनीं शत्रूच्याच तारायंत्रावरून शत्रूच्या सेनापतीस खोटी तार केली कीं, उत्तरेचे स्वार नदी उतरूं न शकल्यानें ईशान्येस गेले! दक्षिणेचे सेनापति पेंबर्टन यांच्याजवळ घोडदळ थोडें होतें. त्यांनीं या स्वारांमागें जागोजाग तुकड्या पिटाळल्या. आणि ३० एप्रिल रोजीं ग्रँट यांचें सैन्य ब्रूइन्सबर्ग येथें निर्वेध नदी उतरलें.

हा विजय फुकट मिळाला नाहीं. १ मे रोजीं टिकफॉ नदीच्या पुलावर लेफ्टनंट कर्नल ब्लॅकबर्न घायाळ झाले. फौजेस थांबतां येईना. त्यांस एका डॉक्टराच्या हवालीं मागें ठेवावें लागलें, आणि कांहीं दिवसांनीं ते वारले. हेरांचा नायक सार्जंट सर्बी हाहि तेथेंच जखमी झाला. शत्रूच्या वेषांत सांपडला तर त्यास फांशीं देतील, म्हणून निघण्यापूर्वीं सोबत्यांनीं त्याच्या अंगावर त्याचा स्वतःचा गणवेष चढविला. घोडे थकले कीं वाटेंतील शेतकऱ्यांचे घोडे नेण्यांत येत. त्या गरिबांच्या दृष्टीनें ती उघड लूटच होती. दुसऱ्या बाजूस, अनेक गुलाम मळे सोडून या फौजेमागें चालूं लागले. त्यांना हे धुळीनें माखलेले स्वार म्हणजे मुक्तीची वाट होती.

शेवटचे ७६ मैल २८ तासांत तोडले. स्वार खोगिरावरच झोपत, आणि त्यांचे सोबती भटकणारे घोडे वळवून रांगेंत आणीत. २ मे रोजीं बॅटन रूझ सहा मैलांवर राहिलें असतां फौज एका मळ्यांत थांबली व सगळे जमिनीवर पडून घोरूं लागले. कर्नल मात्र आपणांस झोप लागूं नये म्हणून मळेवाल्याच्या घरांत जाऊन पियानो वाजवीत बसले!

सोळा दिवसांत सुमारें ६०० मैलांची ही दौड झाली. ग्रिअर्सन यांच्या अहवालाप्रमाणें त्यांचे ३ ठार, ७ जखमी व ९ बेपत्ता झाले, आणि ५ आजारी वाटेंत ठेवावे लागले. सेनापति शेरमन यांनींहि या स्वारीची मुक्तकंठानें वाखाणणी केली. ४ जुलै रोजीं व्हिक्सबर्ग पडलें. सहाव्या रिसाल्यानें पुढें पोर्ट हडसनच्या वेढ्यांत, व डिसेंबर १८६४ मध्यें नॅशव्हिलच्या लढाईंत काम केलें, आणि १८६५ च्या नोव्हेंबरांत त्याचे लोक घरोघर गेले. सर्वच घरीं पोहोंचले नाहींत. उत्तरेच्या सैन्यांतील मृतांपैकीं सुमारें दोन तृतीयांश लोक गोळीनें नव्हे, तर रोगानें मेले. या रिसाल्याचीहि गत तीच झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें अमेरिकेंतील गुलामगिरी कायमची बंद झाली. पुढें १८६६ पासून १८८८ पर्यंत ग्रिअर्सन हे कृष्णवर्णीय शिपायांच्या दहाव्या रिसाल्याचे कर्नल होते, आणि त्या शिपायांस हीन लेखणाऱ्यांशीं ते निर्भयपणें भांडले.

बालमित्रांनो, या हकीकतींत ग्रिअर्सन यांचें नांव झालें तें योग्यच झालें. परंतु माघारी पाठविलेल्या त्या १७५ आजारी स्वारांचा विचार करा. घरीं गेल्यावर त्यांस कोणी विचारलें असेल, "न्यूटन स्टेशन घेतलें तेव्हां तुम्ही कोठें होतां?" तर, "आम्हांस परत धाडलें होतें," एवढेंच उत्तर त्यांच्यापाशीं असणार. तरीसुद्धां त्यांनीं रात्रीच्या अंधारांत रांग नीट धरली नसती, तर पुढच्यांची वाट इतकी मोकळी राहिली नसती. शाळेंत, घरांत आणि देशकार्यांत पुढें धावण्याचा मान थोड्यांच्या वांट्यास येतो. चार घोडे धरून उभें राहण्याचें काम पुष्कळांस करावें लागतें. तें ज्याच्या वांट्यास येईल त्यानें लगाम घट्ट धरावा. पुढच्यांचे प्राण त्याच्याच मुठींत असतात.