शोयु रामेन : नावात चीन, चवीत जपान

रामेन म्हटलं की आपल्याला आधी पाकिटातले नूडल्स आठवतात. तेही त्याच घराण्यातले. मोमोफुकू आंदो यांनी १९५८ साली जपानात पहिलं इन्स्टंट रामेन बाजारात आणलं. पण जपानमधल्या गल्लीतल्या छोट्या दुकानात मिळणारं ताजं शोयु रामेन ही गोष्टच निराळी.

शोयु म्हणजे सोया सॉस. सोयाबीन आणि भाजलेला गहू जवळपास सारख्या प्रमाणात घेऊन त्यावर 'कोजी' नावाची बुरशी वाढवतात आणि ते मिश्रण मिठाच्या पाण्यात कित्येक महिने मुरवतात. म्हणजे आपल्या माळव्यात खरिपाला आणि रब्बीला शेतात जे दिसतं, तेच दोन जिन्नस!

दुकानाच्या दारावर 'नोरेन' हा कापडी पडदा, आत आठ-दहा जण बसतील एवढा काउंटर. बऱ्याच ठिकाणी दाराशीच मशीनमध्ये पैसे टाकून तिकीट घ्यायचं आणि ते आचाऱ्याकडे द्यायचं. पुढचं सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं. वाडग्याच्या तळाशी शोयुचं दाट मिश्रण, ज्याला 'तारे' म्हणतात. त्यात थोडं सुवासिक तेल, त्यावर वाफाळतं सूप, मग उकडलेले नूडल्स. वर कांद्याची पात, बांबूचे कोंब, नोरी आणि डुकराच्या मांसाचे काप.

नूडल्स पिवळसर असतात, म्हणून त्यात अंडं असेल असं वाटतं. खरं कारण 'कान्सुई' हे क्षारयुक्त पाणी. आपण उडदाच्या पापडात पापडखार घालतो, त्याच जातीचं हे काम. त्याने कणकेला चिवटपणा येतो आणि गरम सुपात नूडल्स लगेच लिबलिबीत होत नाहीत. तरीही गप्पा मारत बसायला वेळ नसतो. सुर्र सुर्र आवाज करत भराभर ओढायचे. त्याने घास थोडा निवतो आणि वासही नाकात भरतो. आपल्या पंगतीत असा आवाज केला तर आजी डोळे वटारेल; तिथे कुणी वळूनही बघत नाही.

शाकाहारी मंडळींसाठी एक सूचना. मांसाचे काप काढून टाकले म्हणून रामेन शाकाहारी होत नाही. सूप बहुधा कोंबडीच्या किंवा डुकराच्या हाडांचं असतं, त्यात सुकवलेली मासळीही असते. टोकियो स्टेशनातल्या 'टीज तानतान'सारख्या ठिकाणी पूर्ण वनस्पतिजन्य रामेन मिळतं, ते शोधावं.

आता गंमत नावाची. जुन्या दुकानांच्या पाटीवर आजही 'चूका सोबा' असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ चिनी नूडल्स! १९१० साली टोकियोच्या आसाकुसा भागात ओझाकी कानइची यांनी 'रायरायकेन' हे दुकान काढलं. योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले आणि जपानी जिभेला रुचेल असं शोयुच्या चवीचं सूप दिलं. पुढे हा पदार्थ देशभर पसरला. आज जपानी माणूस त्याला आपलाच मानतो आणि पाटीवरचं 'चिनी' हे नावही पुसत नाही.

आपल्याला हे नवं नाही. मराठी घरातल्या पोह्यांवर इंदूरमध्ये जिरावन आणि शेव आली, शेजारी जिलबी येऊन बसली. ते पोहे इंदुरीही आहेत आणि आपलेही. "अस्सल कुठले?" या वादात पडण्यापेक्षा ते कोण करतंय हे महत्त्वाचं.

कारण रायरायकेन १९७६ मध्ये बंद झालं. पुढे चालवायला कुणी नव्हतं. २०२० मध्ये शिन-योकोहामाच्या रामेन संग्रहालयात ती चव पुन्हा उभी करावी लागली. आपल्या घरातल्या आमटीसाठी, गोड्या मसाल्यासाठी असं संग्रहालय कोण काढणार? येत्या रविवारी आजीजवळ बसून एक तरी कृती प्रमाणासकट लिहून घ्या. "अंदाजाने घालते गं," असं ती म्हणालीच, तर तो अंदाज वाटी-चमच्याने मोजून घ्या.