एक एकर हळद, ८० लाख वडे

एका बटाटेवड्यात सारण आणि आवरण मिळून पाव ग्रॅम हळद जाते असं धरू. म्हणजे एक टन हळदीत ४० लाख वडे पिवळे होतात. हिंगोली जिल्ह्यात वसमतच्या एखाद्या चांगल्या रानात एकरी २० क्विंटल वाळलेली हळद निघाली, तर त्या एका एकराने ८० लाख वडे रंगवले. रोज दुकानामागे ४०० वडे तळणारी १०० दुकानांची साखळी असेल, तर हा माल तिला २०० दिवस पुरेल.

शेतकरी जूनच्या आसपास बेणं लावतो आणि थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये कंद खणून काढतो. वर्षातून एकदा. दुकानात मात्र दर मिनिटाला कुणीतरी वडापाव मागतो, आणि त्याला तो कालच्यासारखाच हवा असतो. या दोन घड्याळांचा मेळ घालणं, पुरवठा साखळी म्हणतात ती एवढीच.

वडापावच्या साखळ्यांत जम्बोकिंगचं पहिलं दुकान २००१ मध्ये मालाडला निघालं, गोली वडापावचं २००४ मध्ये कल्याणला. गाडीवरच्या वड्याची चव वडेवाल्याच्या हातात असते, आणि हात काही शंभर दुकानांत वाटता येत नाही. म्हणून गोलीने वडाच दुकानातून बाहेर काढला. तो तळोज्याच्या विस्टा प्रोसेस्ड फूड्सच्या कारखान्यात यंत्रावर बनू लागला. असा माल उणे १८ अंशांना गोठवतात आणि त्याच थंडाव्यात गाडीने दुकानापर्यंत आणतात. दुकानात उरतं फक्त तळणं. तेलाचं तापमान ठरलेलं, वेळ ठरलेली. चव हातातून काढून तापमापकात ठेवली, असंच म्हणायला हवं. वडापावच्या जुन्या भक्तांना हे रुचत नाही. मलाही पुरतं रुचलेलं नाही, पण कल्याणचा वडा आणि नागपूरचा वडा एकसारखा निघतो तो त्यामुळेच.

आता खरी गंमत. कारखान्याला सारखेपणा हवा, आणि शेतात दोन कंदसुद्धा सारखे नसतात. हळद काढली की जेठे गड्डे वेगळे, बगल गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी करावी लागतात, कारण जाड आणि बारीक कंद एकत्र घातले तर एक कच्चा राहतो, दुसरा गळतो. पूर्वी मोठ्या कढईत पाणी घालून हळद शिजवायचे. आता गावोगाव वाफेचे कुकर फिरतात. शिजवल्याने आतला स्टार्च फुलून घट्ट होतो, कच्चा वास जातो आणि रंग गाभ्यापासून सालीपर्यंत एकसारखा पसरतो. सारखेपणाचं पहिलं काम असं शेताच्या बांधावरच होतं! मग दहा-पंधरा दिवस ऊन, त्यानंतर ड्रममध्ये पॉलिश. पाच किलो ओल्या हळदीतून जेमतेम किलोभर माल हाती येतो.

तो हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटला किंवा वसमतच्या मोंढ्यावर येतो. खरेदीदार ढिगात हात घालतो, एक हळकुंड उचलतो, कडकन मोडतो. आवाज खणखणीत आला तर माल वाळलेला, मोडलेली बाजू केशरी दिसली तर रंगाचा. पुढे प्रयोगशाळेत कुर्क्युमिन हे रंगद्रव्य किती टक्के, ओलावा किती, शिसं तर नाही ना, हे सगळं तपासलं जातंच. पण पैशाचा पहिला सौदा अजून कानाने आणि डोळ्याने होतो. निरनिराळ्या ढिगांतला माल मोजून मिसळला, की पावडरीचा रंग ठरल्या पट्टीत बसतो.

हळकुंड अखंड असतं तोवर गोदामात निवांत पडून राहतं. दळलं की मात्र उजेड रंग खातो आणि सुगंधी तेल उडून जातं. म्हणून शहाणा मसालेवाला लागेल तसंच दळतो; वर्षभराचा वेळ त्या कडक सालीत साठवलेला असतो. बटाटा याच्या अगदी उलट वागतो. तो फार थंडीत ठेवला तर त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना त्याचे काप काळपट पडतात. म्हणजे एकाच वड्यातले दोन भिडू, एकाला साठवण मानवते, दुसरा साठवणीवर रुसतो.

हळदीची आणखी एक खोड. तिला क्षार लागला की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. बेसनाच्या पिठात सोडा जास्त पडला, तर भज्यांवर लालसर ठिपके उमटतात. घरी आपण ते खाऊन टाकतो. साखळीत मात्र हजारो वड्यांवर ठिपके आले तर हजारो गिऱ्हाइकं चिडतात, म्हणून सोड्याचं मापसुद्धा ग्रॅममध्ये बांधलेलं असतं.

माल सारखा झाला, तरी तो किती मागवायचा हा प्रश्न उरतोच. एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. दुकानातली मागणी किंचित हलली, तरी मागे मागे जाताना ती हालचाल फुगत जाते. दुकानदार थोडा जास्त माल मागवतो, वितरक त्याहून जास्त, कारखाना त्याहूनही जास्त. हळदीत याला शेतीचा उशीर जोडला जातो: भाव पाहून लावलेलं पीक येतं पुढच्या वर्षी, सगळ्यांचं एकदमच. २०१० मध्ये हळदीचा भाव कडाडला आणि पुढच्या दोनेक वर्षांत कोसळला, तेव्हा मराठवाड्यातले हळदवाले हा धडा पुस्तकाविना शिकले.

गोठवलेल्या वड्याच्या खोक्यावर बॅच नंबर असतो. त्यावरून तो कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत बनला हे कळतं. हळदीची कोणती गोणी त्यात गेली तेही काढता येतं. मोंढ्यावर मात्र हा धागा तुटतो, कारण तिथे पंचवीस शेतकऱ्यांची हळद एका गोणीत मिसळते. वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने मुलूख ठरला. रान अजून ठरायचं आहे. शेतकऱ्यांच्या कंपन्या बांधावरूनच माल घेऊन शिजवल्याची तारीख गोणीवर लिहू लागल्या, तर खोक्यावरच्या त्या आकड्यावरून उद्या थेट सातबाऱ्यातला गट नंबर सापडेल.