सहकाऱ्याला रजा देता येते काय?

पलूस आज तालुक्याचे ठिकाण असले, तरी या मुलुखाला पगारी नोकरीची ओळख झाली ती त्याच्या कितीतरी आधी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानाच्या आश्रयाने कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला आणि हजेरी, पगारपत्रक व रजा हे शब्द येथील शेतकरी कुटुंबांच्या नित्य बोलण्यात शिरले. आता तहसील कचेरी, पंचायत समिती, शाळा, कुंडलचा साखर कारखाना, भिलवडीचा दुग्धव्यवसाय आणि औद्योगिक वसाहत यांमुळे प्रत्येक भावकीत एक तरी पगारदार असतोच. आणि अशा एखाद्यास कर्करोगाने गाठले किंवा अपघातात त्याच्या मांडीचे हाड मोडले, म्हणजे "आमची रजा शिल्लक आहे, तीतले चार-आठ दिवस त्याच्या नावावर टाका" अशी विनंती त्याच्या सोबत्यांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्या अंतःकरणातून ही विनंती येते त्याविषयी मला नितांत आदर आहे, आणि म्हणूनच तिच्याभोवती साठलेले गैरसमज दूर झाले पाहिजेत असे मला वाटते.

शिल्लक रजा ही पतसंस्थेतील ठेवीसारखी आपली मालमत्ता असून ती हव्या त्याच्या नावे वर्ग करता येते, हा त्यांतला पहिला. राज्य शासनाच्या सेवकांना लागू असलेल्या महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांनी मुळातच असे बजावले आहे की, रजा हक्क म्हणून मागता येत नाही. वर्षाकाठी ३० दिवसांची अर्जित रजा, जानेवारी व जुलैच्या आरंभी १५-१५ दिवस अशी, ज्याच्या त्याच्या रजा लेख्यात जमा होते; ती ३०० दिवसांच्या मर्यादेपर्यंत साठते, निवृत्तीच्या वेळी तिचे रोखीकरण होते, आणि सेवेत असता मृत्यू आल्यास ती रक्कम कुटुंबास मिळते; परंतु एकाच्या लेख्यातून वजा करून दुसऱ्याच्या लेख्यात जमा करण्याची तरतूद या नियमांत नाही. आस्थापना शाखेचा कारकून असा अर्ज परत करतो तो निष्ठुरपणाने नव्हे. तसा हुकूम काढण्याचा अधिकार त्याच्या वरिष्ठांनाही नसतो.

दुसरा गैरसमज मला याहून घातक वाटतो. अर्जित रजा संपली की आजारी माणसाजवळ बिनपगारी रजेवाचून काही उरत नाही, असे पुष्कळजण, आणि दुर्दैवाने स्वतः रुग्णही, धरून चालतात. वास्तविक त्याच्या लेख्यात दरवर्षी २० दिवसांची अर्धवेतनी रजा निमूटपणे जमा होत आलेली असते. वैद्यकीय दाखल्यावर ही रजा परिवर्तित करून घेता येते, म्हणजे दोन दिवसांची अर्धवेतनी रजा खर्ची टाकून एक दिवसाची पूर्ण पगाराची रजा मिळते. दहा वर्षे सेवा झालेल्या आणि या रजेला हात न लावलेल्या मनुष्याचे २०० दिवस साठलेले असतात, त्यांतून १०० दिवसांचा पूर्ण पगार निघतो. उन्हाळ्याची दीर्घ सुटी मिळत असल्यामुळे ज्या शिक्षकांच्या खाती अर्जित रजा फारशी जमतच नाही, त्यांचा तर हाच मुख्य आधार. तीही संपली, तर पुढे मिळावयाच्या अर्धवेतनी रजेतून आगाऊ घेतलेली अनर्जित रजा आहे, जिची कमाल मर्यादा संपूर्ण सेवेत ३६० दिवसांची आहे; मात्र सेवक कामावर परत येईल अशी वाजवी आशा मंजुरी देणाऱ्याला वाटली पाहिजे. क्षय, कर्करोग, कुष्ठरोग व पक्षाघात यांच्या रुग्णांसाठी, तसेच कर्तव्य बजावताना झालेल्या इजेसाठी, नियमांत स्वतंत्र सवलती आहेत. तेव्हा आपली रजा देऊ इच्छिणाऱ्या स्नेह्याने प्रथम रुग्णाचे सेवापुस्तक उघडवून घ्यावे व त्याच्या वतीने अर्ज लिहून द्यावा. रुग्णशय्येवर पडलेल्या माणसाला नियमांची पाने चाळण्याचे त्राण नसते.

कारखान्यातील कामगाराचा हिशेब निराळा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवसाची सवेतन रजा दिली आणि पुढील वर्षात ओढता येणारी शिल्लक सामान्यतः ३० दिवसांवर रोखली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत २४० ची अट १८० वर आली आहे. म्हणजे देण्याजोगी शिल्लक मुळातच तुटपुंजी. परंतु दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर आजारपणात वर्षातून ९१ दिवस ७० टक्के वेतन, कर्करोगासारख्या ३४ दीर्घ व्याधींत ठरावीक अटींवर दोन वर्षांपर्यंत ८० टक्के, आणि कामावरील इजेत तात्पुरती अक्षमता असेतोवर ९० टक्के, असा लाभ त्याला मिळतो. कामावर जाता-येता झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, यात मोडतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत आधी दागिने गहाण पडतात.

रजादान ही केवळ भाबडी कल्पना आहे, असे म्हणणारेही चुकतात. फ्रान्समध्ये एका कामगाराचा मुलगा यकृताच्या कर्करोगाने आजारी असता सोबत्यांनी आपले १७० दिवस त्या बापाला दिले. मुलगा २००९ च्या अखेरीस गेला, परंतु त्याच्याच नावाने, मातिसचा कायदा म्हणून, ओळखला जाणारा कायदा मे २०१४ मध्ये संमत झाला. दान निनावी असावे, मोबदल्याशिवाय असावे, मालकाची संमती असावी, आणि देणाऱ्याने आपली चार आठवड्यांची विश्रांती राखूनच उरलेले द्यावे, असे त्याचे दंडक आहेत. अमेरिकेच्या केंद्रीय सेवेत १९८८ पासून ही पद्धती आहे. तेथे रुग्णाची स्वतःची रजा आधी संपावी लागते, न वापरलेली रजा दात्यांकडे परत जाते, आणि आपल्या निकटच्या वरिष्ठाला रजा देण्यास मनाई आहे. हे शेवटचे बंधन मला फार शहाणपणाचे वाटते, कारण साहेबासाठी मागितलेल्या दानाला नकार देण्याची हिंमत किती जणांना होईल?

आपल्याकडे कायदाच आडवा येतो, हीही अर्धवट समजूत आहे. कायद्यातील रजा ही किमान मर्यादा असून करार किंवा निवाडा यांनी त्याहून अधिक रजा देण्यास त्याने मोकळीक ठेवली आहे. त्यामुळे त्या किमानाला धक्का न लावता, करारान्वये मिळणाऱ्या जादा दिवसांतून सामायिक रजापेढी उभारणे व्यवस्थापन आणि संघटना यांच्या हाती आहे.

राहता राहिली एक दिवसाचे वेतन देण्याची आपली जुनी रूढी. तिला कमी लेखू नये. जिथे रजा देता येत नाही, तिथे मालकाच्या मंजुरीवाचून लगेच पोहोचणारी मदत तीच. मात्र मदतीवर कर नसतो हा समज सांभाळून घ्यावा: आप्तेतरांकडून वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या पुढे गेली, तर ती सर्वच रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, म्हणून शक्य तेव्हा सोबत्यांनी रुग्णालयाचे देयक परस्पर भागवताना व हिशेब ठेवताना जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आणि याच तालुक्यातल्या फडांत कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड जोडप्यांपाशी द्यायला वा घ्यायला रजाच नाही. त्यांचा आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याबद्दल मुकादमाच्या हिशेबात पैसे कापले जातात. साखर कारखान्यांच्या कामगार संघटना आपल्या पुढच्या मागणीपत्रात रजापेढीचे कलम घालतील, तेव्हा तोडणी-वाहतुकीच्या करारात या माणसांचा आजारपणाचा खाडा माफ करण्याचे कलमही त्यांनी त्याच बैठकीत मागावे.