भिंतीवरची खूण आणि हातातली यादी

मैत्रिणींनो, दुधाचा खाडा तुम्ही कुठे मांडता? आमच्या बारामतीच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराआड ‘कालनिर्णय’ लटकलेलं असतं. १९७३ साली ते निघालं, तेव्हापासून किती बायकांचे संसार त्या चौकटींत मावले असतील, कोण जाणे! खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, सगळं तिथंच. खोट एकच, भिंत काही आपल्याबरोबर चालत येत नाही.

हे मला कळलं ते गेल्या आषाढात. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निमगाव केतकी. तुकोबांची पालखी तिथं मुक्कामाला असते, म्हणून मी आदल्या दिवशीच गेले. भाकरींच्या चळती, पिठल्याची पातेली, दारात वारकरी. त्या धांदलीत आईला रक्तदाबाची गोळी आधी वहिनीनं दिली आणि अर्ध्या तासानं मीही दिली. आईला वाटलं, डॉक्टरांनी वाढवली असेल. दुपारी उठताना ती भोवळ येऊन खालीच बसली. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं; थोडक्यात निभावलं. वहिनी रडत म्हणाली, “वन्सं, मी भिंतीवर खूण केली होती हो!” केलीच होती. पण मी माजघरात होते.

त्या रात्री भाच्यानं आमच्या फोनांवर ‘गूगल कीप’ उघडून दिलं. त्यात चौकोनांची यादी करायची आणि घरातल्यांच्या ई-मेलवर वाटायची. एकीनं खूण केली की सगळ्यांच्या फोनवर ती ओळ खोडलेली दिसते. सकाळी साऱ्या खुणा एकदम पुसता येतात, रोज नव्यानं लिहायला नको. मात्र रेंज नसेल तर आपली खूण दुसरीला उशिरा दिसते. म्हणून गोळीबाबत शंका आली, तर सरळ फोन करून विचारावं!

टंकायचा कंटाळा असेल तर बोला. २०१७ पासून गूगलला मराठी बोललेलं लिहिता येतं. कणकेचे हात असतानाही “रवा संपला” म्हटलं की झालं. (माझ्या ‘मेथी’ची एकदा ‘मैत्री’ झाली, पण वाण्याला कळलं.) ए.टी.एम.चा पिन, बँकेचा पासवर्ड या यादीत कधीही लिहू नये. बचत गटाच्या नोंदी मोबाईलवर आणायचं काम नाबार्डनं २०१५ साली धुळे आणि रामगड जिल्ह्यांतून सुरू केलं. तरी आमच्या गटात सह्यांची वही आहेच, आणि ती असावी.

पण खरी गंमत निराळीच. आठवड्याची कामं नावानिशी लिहून काढली, तेव्हा निमगावच्या यादीत वहिनीच्या नावापुढे सव्वीस ओळी आल्या आणि दादाच्या नावापुढे दोन. कुणी काही बोललं नाही. दादानं पानमळ्यातून आल्यावर ती यादी वाचली, चहा प्याला, आणि आईची रात्रीची गोळी आपल्या नावावर घेतली. माझ्याही घरी यादी केली, पण तिथले आकडे मी इथं सांगत नाही!

आता रात्री नऊला मी बारामतीत भांडी आवरत असते, तेव्हा ती ओळ खोडली जाते. परवा सव्वानऊ झाले तरी तशीच होती. हात पुसून फोन लावला.

“दिलीय गं,” दादा म्हणाला, “खूणच राहिली.”