एका पंज्याचा दर्यावर्दी

परवा मुंबईच्या धक्क्यावर शिडाच्या होडीची बांधाबांध चालू असता एका विद्यार्थ्याने, "काका, एकाच हाताने होडी हाकता येईल का?" असे विचारले, तेव्हा फ्रान्सच्या दामियाँ सेगाँ यांचे नाव मला तत्काळ आठवले.

जन्मतःच डावा पंजा नसलेल्या या नाविकाने २००४ साली अथेन्स आणि २०१६ साली रिओ येथे पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवले. मध्यंतरी बीजिंगला रौप्यही.

त्यांची होडी ‘टू पॉइंट फोर’ वर्गाची, म्हणजे सुमारे सव्वाचार मीटर लांबीची, एकासनी. तीत नाविक पुढे तोंड करून खोल बसतो, शिडांचे सारे दोर त्याच्या हाताशी आणलेले असतात, सुकाणू पायानेही फिरवता येते, आणि तळाच्या कण्यातील शिशाच्या भारामुळे तोल राखण्यास कडेबाहेर झुकावे लागत नाही. म्हणूनच अपंग व धडधाकट स्पर्धक एकाच शर्यतीत उतरतात आणि निकाल लागतो तो वाऱ्याच्या पारखीवर. माझ्या मते याहून न्याय्य होडी नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये तर सेगाँ एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या ‘वाँदे ग्लोब’ शर्यतीत दाखल झाले. दोर ओढण्याच्या यंत्राच्या मुठीवर डाव्या बाहूसाठी खास खोबण बसवलेली. बाकी नौका इतरांसारखीच, किंबहुना शर्यतीत पुढे राहिलेल्या कित्येकींहून जुनी. सुमारे ८१ दिवसांत ते सातवे आले.

सिडनीत २००० साली रीतसर मंजूर झालेले नौकानयन रिओनंतर पॅरालिंपिकमधून वगळले गेले, तो निर्णय फिरावा अशी माझी कळकळीची इच्छा आहे.